भर हिवाळ्यात बर्फ वितळतो तेव्हा : गुलमर्गचे उतार आणि तिथली रोजी

२०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला खेलो इंडिया विंटर गेम्स व्हायच्या होत्या. २२ ते २५ फेब्रुवारी अशा तारखा ठरल्या होत्या आणि देशभरातल्या खेळाडूंची तयारी झाली होती. ऐन वेळी स्पर्धा पुढे ढकलावी लागली, कारण उतारांवर पुरेसा बर्फच नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ पडला आणि शेवटी ९ ते १२ मार्चला स्पर्धा पार पडली. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, तर गुलमर्गचे मैदान पिवळ्या गवताचे दिसत होते. ते फोटो आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलवर आले असतील. डिसेंबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सरासरीपेक्षा जवळपास ८० टक्के कमी पाऊस आणि बर्फ झाला होता. जानेवारीही तसाच कोरडा गेला. बर्फ आला तो महिन्याच्या अगदी शेवटी.

आपण महाराष्ट्रात राहतो, आपल्याला स्कीइंगचे काय? प्रश्न बरोबर आहे. पण काश्मीरला जाणाऱ्या पर्यटकांमध्ये मराठी कुटुंबे नेहमीच मोठ्या संख्येने असतात. आपल्या ओळखीत कोणी ना कोणी गुलमर्गला गोंडोलात बसून आलेले असते. शिवाय हा विषय फक्त खेळाचा नाही. त्या बर्फावर हजारो घरांची हिवाळ्यातली चूल पेटते. स्लेज ओढणारे, घोडेवाले, गाईड, स्की भाड्याने देणारे, गमबूट आणि ओव्हरकोट भाड्याने देणारे, चहा-कहव्याची टपरी चालवणारे, हे सगळे मेहनतीने जगणारे लोक आहेत. बर्फ गेला की त्यांचे काय होते, आणि तो का जातो, हे समजून घेण्यासारखे आहे.

दोन वेगळे आजार

बातम्यांमध्ये "गुलमर्गला बर्फ नाही" एवढेच येते. पण यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे बर्फ पडलाच नाही. दुसरी म्हणजे पडलेला बर्फ भर हिवाळ्यात वितळून गेला. पहिला आजार आभाळाचा आहे. काश्मीरला हिवाळी बर्फ देतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान पार करत येणाऱ्या ढगांच्या प्रणाली. त्या आल्या नाहीत किंवा कमजोर आल्या तर बर्फ नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात हेच झाले. त्यावर आपला इलाज चालत नाही.

दुसरा आजार जमिनीवरचा आहे. बर्फ पडला, चार दिवस छान राहिला, मग ऊन तापले, वारा फिरला, आणि आठवड्यात खालून दगड-गवत दिसायला लागले. इथे मात्र माणसाच्या हातात थोडेफार असते. कुठला उतार टिकतो आणि कुठला जातो, हे नशिबावर सोडलेले नसते. त्याचे सरळ गणित आहे.

खरी अडचण अशी की काश्मीरमध्ये हे दोन्ही आजार आता एकत्र येतात. आधीच पातळ पडलेला बर्फ उबदार दिवसांत सगळ्यात आधी जातो.

चिल्ल्याचा हिशेब का महत्त्वाचा

काश्मीरमध्ये हिवाळा तीन तुकड्यांत मोजतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलां, म्हणजे मोठा चिल्ला. मग २० दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे १० दिवस चिल्लई बच्चा. आपल्याकडे गावांच्या नावात बुद्रुक आणि खुर्द येते ना, तोच हा खुर्द. मूळ शब्द फारसी, अर्थ लहान.

या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ टिकतो, कारण दिवस लहान, सूर्य खाली आणि रात्री कडक. डोंगरावर तो थरावर थर दबत जातो, उन्हाळ्यात हळूहळू वितळतो, आणि झरे, नाले, झेलम भरत राहतात. तोच बर्फ फेब्रुवारी-मार्चमध्ये पडला तर दिसायला भरपूर, पण ऊन चढलेले असते, लवकर वाहून जातो. म्हणून "शेवटी बर्फ पडला ना, मग झाले" असे म्हणता येत नाही. स्पर्धा मार्चमध्ये झाली हे चांगलेच झाले. पण जानेवारीतला हंगाम ज्यांचा बुडाला, त्यांचे मार्चमध्ये भरून निघत नाही. आणि जूनमध्ये ज्या शेतकऱ्याला पाणी हवे असते, त्याचेही नाही.

बर्फ नेमका कशाने वितळतो

मी शाळेत शिकवतो, त्यामुळे इथे थोडे वर्गातले येणारच. दहावीच्या विज्ञानात उष्णतेचा धडा आहे. त्यात अप्रकट उष्मा शिकवतात. ०° सेल्सिअसच्या एक ग्रॅम बर्फाचे ०° चेच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. मुले हे पाठ करून मार्क मिळवतात आणि विसरतात. पण गुलमर्गचे सगळे दुखणे आणि सगळी आशा या ८० च्या आकड्यात आहे.

बघा, उणे १०° चा बर्फ शून्यावर आणायला ग्रॅमला फक्त ५ कॅलरी लागतात. तो वितळवायला मात्र ८०. म्हणजे बर्फ किती थंड आहे याने फार फरक पडत नाही. किती आहे, किती वजनाचा आहे, याने पडतो. थंडीची शिल्लक एका उबदार दिवसात संपते. वजनाची शिल्लक आठवडे पुरते.

आता ही उष्णता आणते कोण? लोकांना वाटते पाऊस. बर्फावर पाऊस पडला की सगळे संपले. पण हिशेब करा. ५° तापमानाचा १० मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्याच्या प्रत्येक ग्रॅमकडे द्यायला ५ कॅलरीच आहेत. ८० ला ५ ने भागले तर १६. म्हणजे सोळा ग्रॅम पावसाने जेमतेम एक ग्रॅम बर्फ वितळतो. १० मिलिमीटर पावसाने १ मिलिमीटर पाण्याइतकाही बर्फ जात नाही.

खरा चोर असतो दमट वारा. हवेतली वाफ थंड बर्फाला लागली की तिचे पाणी होते आणि तिच्यातली उष्णता बर्फाला मिळते. ही उष्णता ग्रॅमला सुमारे ६०० कॅलरी. म्हणजे एक ग्रॅम वाफ साडेसात ग्रॅम बर्फ खाते. थंडगार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम सुटतो, तोच प्रकार, फक्त उतारभर. पावसाच्या दिवशी बर्फ झपाट्याने जातो तो बहुतेक या दमट वाऱ्यामुळे आणि ढगांमुळे. पावसाचे नाव बदनाम.

ढगांचा काय संबंध? निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता सरळ आकाशात सोडतो आणि हवेपेक्षाही थंड होतो. ढग आले की गोधडी पांघरल्यासारखे होते. रात्रभर वितळणे चालूच राहते.

तिसरा घटक ऊन. ताजा पांढरा बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो. जुना, ओला, मळका बर्फ निम्मेच परत फेकतो, बाकीचे पिऊन टाकतो. म्हणून मळलेला बर्फ कितीतरी लवकर जातो. आणि एकदा का मधूनमधून काळी जमीन दिसायला लागली की ती तापते आणि कडेचा बर्फही खाते. डागासारखे सुरू होते आणि बघता बघता पसरते.

काश्मीरच्या कोरड्या हिवाळ्यात बहुतेकदा चित्र असे असते की दिवसा लख्ख ऊन, रात्री निरभ्र आकाश आणि शून्याच्या खाली पारा. दिवसा वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपते, रात्री पुन्हा गोठते. यात बर्फाचा साठा तसा वाचतो. पण उताराची जात बदलते. कापसासारखा भुसभुशीत बर्फ जाऊन काचेसारखा कडक थर तयार होतो. सराईत खेळाडू स्कीच्या धातूच्या धारेने त्यावर पकड घेतो. पहिल्यांदाच स्की पायात घातलेला नागपूर-कोल्हापूरचा पाहुणा मात्र सरळ आडवा होतो. सकाळी दहाच्या आधीचा निळसर चकाकता उतार दिसायला सुंदर असतो. हातपाय मोडायचे तर तिथेच.

कोणता उतार किती दिवस टिकतो

हिमशास्त्रात एक ढोबळ नियम वापरतात. दिवसाचे सरासरी तापमान शून्याच्या वर जितके अंश, त्या प्रत्येक अंशाला दिवसाला साधारण ३ ते ५ मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळतो. जागेनुसार आकडा बदलतो, पण अंदाज येतो.

समजा आठवडाभर सरासरी तापमान ३° राहिले. म्हणजे दिवसाला साधारण १२ मिलिमीटर गेले. आता दोन उतार घ्या.

पहिल्यावर १० सेंटिमीटर ताजा भुसभुशीत बर्फ आहे. ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते. त्याचे पाणी केले तर १० मिलिमीटरच भरते. हा उतार एका दिवसात संपला.

दुसऱ्यावर यंत्राने दाबून बसवलेला ४० सेंटिमीटरचा थर आहे. त्याची घनता पाण्याच्या निम्मी धरली तर त्यात २०० मिलिमीटर पाणी आहे. तो याच हवामानात दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकतो.

जाडी चौपट, पण टिकण्याचे दिवस वीसपट. दाबलेल्या बर्फाची ही ताकद आहे. म्हणून जगभरच्या स्की केंद्रांत रात्री मोठी यंत्रे उतारांवर फिरतात. त्यांचे काम फक्त उतार गुळगुळीत करण्याचे नाही. पडलेला बर्फ लगेच दाबायचा, वाऱ्याने उडून गेलेला परत ओढून आणायचा, पातळ जागी भर घालायची, ही त्यांची खरी कामगिरी. बर्फ पडल्यावर पहिल्या दोन दिवसांत हे झाले नाही तर पुढची ऊब आली की हातात काही राहत नाही.

वर श्रीमंत, खाली गरीब

गुलमर्गचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगदूरीपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरच्या थोडे वर नेतो. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तो अफरवतच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत जातो.

हवा वर जाताना दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. मैदान आणि अफरवत यांत १,३०० मीटरचा फरक. म्हणजे तापमानात आठ-साडेआठ अंशांचा फरक. खाली ५° असेल तेव्हा वर उणे ३° असते. शिवाय अफरवतचा गुलमर्गकडचा उतार बराचसा ईशान्येला तोंड करून आहे, त्यामुळे दुपारचे ऊन त्याला कमी लागते. म्हणून उबदार दिवसांतही वरचा बर्फ टिकून राहतो. परदेशातून पावडर स्कीइंगसाठी येणाऱ्यांचे फारसे बिघडत नाही.

बिघडते ते खालच्या मैदानात. आणि खालच्या मैदानात कोण असते? शिकाऊ मुले, पहिल्यांदा बर्फ बघणारी कुटुंबे, त्यांना स्लेजवर ओढणारे, हात धरून शिकवणारे, ५०-१०० रुपयांवरून घासाघीस करणारे लोक. म्हणजे भर हिवाळ्यातली ऊब सगळ्यांवर सारखी येत नाही. आधी गरिबाच्या उतारावर येते. स्लेजवाला गोंडोलाने वर जाऊन स्लेज ओढू शकत नाही. त्याचा धंदा मैदानातल्या एक वीत बर्फावर उभा आहे.

खेळाच्या बाजूनेही हेच. आरिफ मोहम्मद खान हे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग भागातला हा तरुण २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. उद्घाटनात तिरंगा त्याच्याच हातात होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. तो याच उतारांवर लहानपणी शिकला. पोरं आधी खालच्या उतारावर शिकतात, मग वर जातात. खालचा उतार दोन-तीन हिवाळे गेला तर दहा वर्षांनी त्याचा परिणाम दिसेल, तेव्हा कोणाला कारण आठवणारही नाही.

वर जाण्याचा मोह आणि त्याची किंमत

खाली बर्फ नाही म्हटल्यावर गर्दी वर सरकते. पैसे खर्चून आलेला पाहुणा बर्फ बघितल्याशिवाय परत जायला तयार नसतो. इथे धोका सुरू होतो, आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

कोरड्या हिवाळ्यात डोंगरावर पातळ बर्फ बरेच दिवस पडून राहतो. खाली जमीन शून्याच्या आसपास, वर हवा कडक थंड. एवढ्याशा जाडीत तापमानाचा एवढा फरक असला की खालच्या बर्फाचे कण बदलतात. ते एकमेकांना न चिकटणाऱ्या जाड साखरेसारखे होतात. वरच्या बाजूला ऊन-थंडीने तो काचेचा थर. मग एक दिवस जोरदार बर्फ पडतो. सगळे खूष होतात. पण हा नवा बोजा साखरेच्या दाण्यांवर आणि काचेवर बसलेला असतो. एका माणसाच्या वजनानेही तो सुटू शकतो. म्हणजे लांबलेल्या कोरड्या हिवाळ्यानंतरचा पहिला मोठा बर्फ सगळ्यांत जास्त सांभाळून घ्यायचा असतो, आणि नेमक्या त्याच दिवशी सगळ्यांना डोंगरावर जायची घाई असते.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतवर हिमस्खलन होऊन पोलंडच्या दोन स्कीपटूंचा जीव गेला. २२ फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे कोरड्या जानेवारीनंतर बर्फ आला त्याच हंगामात, खिलनमर्ग भागात रशियाच्या एका स्कीपटूचा मृत्यू झाला. प्रत्येक हिमस्खलनाची कारणे वेगळी असतात, एकाच साच्यात सगळे बसवू नये. पण आखून दिलेल्या हद्दीबाहेर जाणे किती महाग पडते, हे यातून दिसते.

मग यंत्राने बर्फ का बनवत नाहीत?

हा प्रश्न लगेच येतो. बीजिंग ऑलिंपिक तर जवळजवळ पूर्णपणे यंत्राच्या बर्फावर झाले. जानेवारी २०२३ मध्ये आल्प्समध्ये विक्रमी ऊब होती. स्वित्झर्लंडच्या आडेलबोडेनला विश्वचषकाची शर्यत हिरव्या-तपकिरी डोंगरावरच्या पांढऱ्या पट्टीवर झाली. त्याच्याही आधी, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये सायप्रस माउंटनवर ट्रक आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणून टाकावा लागला. पैसा असला की होते.

पण तीन अटी आहेत.

पहिली हवेची. बर्फाची तोफ पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवते आणि ते खाली येईपर्यंत गोठायला हवेत. त्यासाठी थंडी हवी आणि हवा कोरडी हवी. हवा खूप कोरडी असेल तर पारा शून्याच्या किंचित वर असतानाही काम होते, दमट असेल तर उणे २° लाही अडते. काश्मीरच्या कोरड्या निरभ्र रात्री याला चांगल्या आहेत. पण दमट वारा सुटला, ऊब आली, त्या दिवशी तोफ निरुपयोगी. म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायचे हे औषध नाही. थंडी असताना साठा करून ठेवावा लागतो. असा साठा टिकतो मात्र छान, कारण यंत्राच्या बर्फाचे कण गोल आणि दाट असतात.

दुसरी अट पाण्याची. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर थर करायचा तर ३,००० घनमीटर बर्फ लागतो. त्याला साधारण साडेतेरा लाख लिटर पाणी. मोठ्या टँकरने आणायचे म्हटले, १० हजार लिटरचा एक, तर १३५ टँकर. तेही फक्त एका हेक्टरला. हिवाळ्यात नाले आटलेले असतात. ज्या वर्षी बर्फ नाही, त्या वर्षी पाणीही कमीच.

तिसरी अट विजेची. काश्मीरची वीज बरीचशी नद्यांवर अवलंबून आहे. हिवाळ्यात नद्यांना पाणी कमी, त्यामुळे वीजनिर्मिती घटते, आणि नेमकी त्याच वेळी घरोघरी गरज वाढते. भारनियमन तिथे दर हिवाळ्याचे आहे. गावात अंधार आणि उतारावर तोफा, हे चित्र कोणालाच पटणार नाही.

म्हणून माझे मत असे की तोफांचा उपयोग आहे, पण छोट्या प्रमाणात. संपूर्ण डोंगर नाही, फक्त खालचा शिकाऊ उतार आणि स्लेजचा पट्टा. जिथे पाहुणे आणि गरिबाची रोजी दोन्ही आहेत, तिथे.

स्वस्तात होण्यासारखे

यंत्राच्या आधी बऱ्याच गोष्टी कमी खर्चात होतात. पडलेला बर्फ लगेच दाबणे ही पहिली. वाऱ्याच्या दिशेला लाकडी जाळीचे कुंपण घातले तर उडणारा बर्फ त्याच्या आडोशाला साठतो. हीसुद्धा जुनी पद्धत आहे. स्लेज, घोडे आणि चारचाकी बाइक यांचे पट्टे वेगळे करणे ही तिसरी. आज सगळे एकाच मैदानावर फिरतात. टायर बर्फ उकरतात, लीद आणि माती मिसळते, पांढरा बर्फ तपकिरी होतो, आणि मळका बर्फ ऊन पितो हे वर पाहिलेच. धंदा कोणाचाच बंद करायचा नाही. फक्त ज्याच्या धंद्याला बर्फ लागत नाही, त्याने बर्फावरून जाऊ नये.

चौथी, बर्फ साठवणे. दाव्होसला आणि फिनलंडच्या काही केंद्रांत हिवाळ्यातला बर्फ ढीग करून त्यावर लाकडाचा भुसा घालतात. तो उन्हाळाभर राहतो आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला वापरतात. आपल्याकडे पूर्वी बर्फाच्या लाद्या भुशात ठेवायचे, तीच युक्ती. काश्मीरमध्ये लाकूड कापण्याचे कारखाने आहेत, भुसा आहे, सावलीचे उतार आहेत. प्रयोग करून बघायला हरकत नाही.

पाचवी गोष्ट बर्फाची नाही, माणसांची आहे. स्लेजवाल्याचा किंवा गाईडचा हंगाम बुडाला तर त्याच्या हाताला दुसरे काय आहे? शेतकऱ्याला पीक विमा मिळतो, भले अर्धवट का होईना. हवामानावरच पोट असलेल्या या कामगारांनाही तसे काही मिळायला हवे, आणि नोंदणी केलेल्या गाईडांना हिमस्खलन बचावाचे प्रशिक्षण व पगार मिळायला हवा. गुलमर्गला स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे. शिकवणारे तिथेच आहेत. इच्छा हवी.

आपण काय लक्षात घ्यावे

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला झालेल्या हल्ल्यात २६ निरपराध लोक मारले गेले. त्यात महाराष्ट्राचे सहा होते. पाहुण्यांना वाचवायला गेलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह हाही त्यात गेला. त्यानंतर काश्मीरचे पर्यटन कोसळले. म्हणजे आधी कोरडे हिवाळे आणि वरून ही दहशत. रोज कमावून रोज खाणाऱ्याने दोन्हीकडून मार खाल्ला. हे मनात ठेवून आपण जेव्हा जाऊ तेव्हा जावे.

जाण्याआधी श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज बघावा, ट्रॅव्हल एजंटच्या जुन्या फोटोंवर विश्वास ठेवू नये. बर्फ हमखास हवा असेल तर डिसेंबरच्या सुट्टीपेक्षा फेब्रुवारी बरा. बर्फ नाही म्हणून बुकिंग रद्द करण्यापेक्षा तारीख पुढे ढकलता येते का ते विचारावे, त्यात हॉटेलवाल्याचे आणि आपले दोघांचेही नुकसान कमी. कडक गोठलेल्या उतारावर सकाळी लवकर मुलांना नेऊ नये, ऊन लागून वरचा थर जरा मऊ झाला की न्यावे. हद्दीची दोरी ओलांडू नये, आणि नुकताच मोठा बर्फ पडला असेल तर अजिबात नाही. स्थानिक गाईड "नको" म्हणाला तर त्याचे ऐकावे. तो आपली रोजी सोडून नको म्हणतोय, याला काही कारण असते.

आणि मैदानात फक्त वीतभर बर्फ उरलेला असताना एखादा स्लेजवाला ५० रुपये जास्त मागेल, तर भाव करताना एवढे आठवावे की त्याचा हंगाम चाळीस दिवसांचा असायचा. आता तो किती दिवसांचा असेल, हे आभाळ ठरवते.